वाचक विचारतात: चिकन स्टॉक थिजला, फेकून देऊ का?

मागच्या अंकात घरी चिकन स्टॉक, म्हणजे कोंबडीची हाडं मंद आचेवर शिजवून गाळलेलं पाणी, करण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न पुन्हापुन्हा आलेत तेवढे घेतेय.

ताई, रात्री गाळून फ्रिजमध्ये ठेवलेला स्टॉक सकाळी बघते तर पार जेली झालेला, हलवला तर थलथलतोय आणि वर पिवळट थर. आमचे हे म्हणतात खराब झाला, फेक. काय करू?

अहो थांबा, फेकू नका! तुमचा स्टॉक मस्त जमलाय, ह्यांना सांगा. सांधे, कातडी, पंख, मान, पाय ह्या सगळ्यांत कोलॅजेन नावाचं चिवट प्रोटीन असतं, ते बराच वेळ मंद आचेवर राहिलं की त्याचं जिलेटिन होतं आणि जिलेटिन गार झालं की थिजतं. गरम केलं की परत पातळ. ज्यांचा थिजत नाही त्यांनी बहुतेक नुसते ब्रेस्टचे तुकडे घातलेले असतात, त्यात कोलॅजेन अगदीच कमी, किंवा मग पाणी जास्त झालेलं असतं. पाय मिळाले तर चारसहा जरूर घाला, दिसायला कसेही असले तरी जिलेटिन त्यांच्यातच भरपूर. वरचा पिवळा थर म्हणजे चरबी, थंड असतानाच चमच्याने अख्खी उचलून निघते, भाज्या परतायला छान लागते.

माझा कायम गढूळ होतो. पांढरट राखाडी पाणी. चव बरी असते पण बघवत नाही.

आच मोठी ठेवताय, दुसरं काही नाही. खळाखळा उकळलं की चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात आणि फेसाचे कणही परत आतच फिरत राहतात, मग कितीही गाळा. एक किलो हाडांना दोन ते अडीच लिटर पाणी घ्या, पाणी गारच घ्या, आणि हळूहळू तापू द्या. वर राखाडी फेस येईल तो काढत राहा (ती घाण नसते हो, गोठलेलं प्रोटीन असतं, राहिलं तरी पोटाला काही होत नाही). फेस कमी झाला की गॅस इतका बारीक करा की मधूनच एखादा बुडबुडा वर यावा. असं तीन-चार तास. मधेमधे ढवळायचं नाही, ह्यावर माझा फार कटाक्ष आहे, आणि गाळताना चाळणीवर दाबून पिळायचंही नाही. कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र शेवटच्या तासात घाला, आधीपासून घातलं तर भाज्यांचा लगदा होतो आणि चव मरते. मीठ घालूच नका, वापराल तेव्हा घाला, कारण स्टॉक आटला की मीठही चढत जातं.

चार तास गॅसपाशी कोण बसणार? कुकर चालेल का?

चालेल की! आतलं तापमान साधारण १२० अंशांच्या आसपास जातं त्यामुळे पाऊण ते एक तासात काम होतं. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, प्रेशर आलं की गॅस बारीक, आणि नंतर प्रेशर आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली तर आत एकदम जोरात उकळी फुटते, आणि मग परत गढूळ!

व्हिनेगर घातलं की हाडांतलं कॅल्शियम उतरतं म्हणे?

चमचाभर व्हिनेगरने फारसं काही उतरत नाही. चवीला आवडत असेल तर घाला, कॅल्शियमसाठी नको.

झोपायच्या आधी गॅस बंद करून पातेलं तसंच ओट्यावर ठेवतो, सकाळी परत उकळतो. उकळल्यावर जंतू मरतातच ना?

नाही हो, आणि हे मला खरंच कळकळीने सांगायचंय कारण मसाल्यांवर सगळे तासभर चर्चा करतात पण स्टॉक गार कसा करायचा हे कोणी विचारत नाही. काही जंतूंचे बीजाणू (जाड कवचातली झोपलेली रूपं) उकळीतही टिकतात, पातेलं रात्रभर कोमट राहिलं की ते रुजतात आणि भराभर वाढतात, शिवाय काही जंतू जे विष सोडून ठेवतात ते सकाळच्या उकळीनेही जात नाही. म्हणजे जंतू मेले तरी पोट बिघडायचं ते बिघडतंच. पहिल्या दोन तासांत ६० अंशांवरून २१ च्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ च्या खाली, असा नियम आहे. घरी थर्मामीटर नसला तरी चालेल, गाळून झाल्यावर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळा (आता ढवळलं तर चालतं), मग उथळ डब्यांत वाटून फ्रिजमध्ये. भरलेलं गरम पातेलं तसंच आत सरकवू नका, मध्यभाग कितीतरी तास गरम राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव चांगली राहते. डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर पसरतं, काचेची बाटली तर तडकतेच. थोडा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, ग्रेव्हीला एखाददोन खडे लागतात तेव्हा बरे पडतात.

कच्ची हाडं आधी धुवायची ना?

नळाखाली नको, शिंतोडे उडून जंतू सिंकभर आणि ओटाभर होतात. फारच रक्त असेल तर पाच मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्या.

तीच हाडं दुसऱ्यांदा वापरली तर?

वापरा, पण दुसरा स्टॉक पांचट होतो, भात किंवा डाळ शिजवायला ठीक, सूपला नाही. त्यानंतर मात्र हाडं सरळ कचऱ्यात, कुत्र्याला घालू नका, शिजलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.