रोमची सहल राहू द्या, आधी पॉलिसी दाखवा

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं सात रात्रींच्या भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालो आहोत. बार्सिलोना, लिव्होर्नो आणि सिविताव्हेकियाला उतरून फिरायचं आहे. तिन्ही सहली क्रूझ कंपनीकडून घेतल्या तर खर्च तिकिटाच्या ४५ टक्के होतो. त्या घ्याव्यात की बाहेरून स्वस्तात कराव्यात? पैशाची सोय आहे. 'सुट्टी फंड' म्हणून घेतलेल्या पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय. दहा वर्षं हप्ते भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट मिळणार. चार हप्ते झालेत. कर्ज शेवटी त्यातूनच वळतं होईल.

उत्तर: बार्सिलोनात सहल विकत घेऊच नका. बंदरातून बसने रांबला या पायी फिरायच्या मुख्य रस्त्याच्या टोकाशी उतरा आणि चाला. लिव्होर्नोहून फ्लोरेन्स गाठायला दीड तास, परतायला दीड तास. मुलं लहान असतील तर तेही सोडा. रोम मात्र सिविताव्हेकियापासून सत्तरेक किलोमीटर. तिथे कंपनीचीच सहल घ्या. तिची बस अडकली तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरात पोचवण्याचं कंपनी बघते. तुमची टॅक्सी अडकली तर बोट निघून जाते आणि पुढचा खर्च तुमचा. म्हणजे तिकीट १०० धरलं तर ४५ ऐवजी साधारण २० मध्ये भागेल. टिप, वाय-फाय, पेयं यांचा पत्रात उल्लेखच नाही. ते वेगळं धरा.

आता पॉलिसी. दुप्पट म्हणजे किती टक्के, हे एजंटला विचारलंत का? पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा. सरासरी साडेपंधरा. ७२ ला वर्षांनी भागलं की पैसे दुप्पट करणारा व्याजदर ढोबळमानाने कळतो. ७२ भागिले साडेपंधरा, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. स्वतःचाच पैसा साडेचारने ठेवायचा आणि त्याच्याच तारणावर साडेनऊने उसना घ्यायचा! याला सोय म्हणत असाल तर एजंटने काम चोख केलंय.

आणि 'वळतं होईल' हे कोण म्हणालं? साडेनऊ टक्क्यांनी कर्ज साडेसात वर्षांत दुप्पट होतं. पॉलिसीची सोळा वर्षं बाकी आहेत, तोवर आजचे ४५ चे १९० होतील. त्याआधीच हप्ते थांबले आणि कर्ज व व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या, वर गेलं तर विमा कंपनी पॉलिसी बंद करून हिशेब मिटवू शकते. मग ना फंड, ना विमा.

विम्यावरून आठवलं. अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट असतं. वर्षाचा हप्ता एका पगाराएवढा असेल तर तुमच्या माघारी घरात दहा पगार येतील. दोन मुलांच्या घराला दहा महिने! पत्रात दुसऱ्या विम्याचं नाव नाही, म्हणून नसावाच असं धरतो. टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, या आठवड्यात, बोटीवर चढायच्या आधी घ्या.

तो हातात आल्यावर विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: पॉलिसी आज सरेंडर केली तर किती, आणि पाचवा हप्ता न भरता पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअंती किती. एजंटचा फोनवरचा अंदाज चालणार नाही. आकडे आले की मला पाठवा. तोपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नका. रोमचे पैसे पगारातून निघत असतील तर रोम, नाहीतर त्या दिवशी सिविताव्हेकियातच हिंडा. बोट रिकामी असते, मुलांना पोहायचा तलाव मोकळा मिळेल.