सवय व्हायच्या आत

अगं,

काल रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. प्रोग्रामिंगच्या नव्या नोकरीबद्दलच्या तक्रारी मोजल्या, अकरा निघाल्या. प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चालू करायलाच चार दिवस गेले. सेटअपच्या फाइलमधली तिसरी पायरी कधीचीच बाद झालेली. कोड आपोआप तपासणारी एक टेस्ट मनाला येईल तेव्हा फेल होते. पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, पाऊण तास चालतो. 'दोन मिनिटं बोलू का' असं विचारून लोक अर्धी दुपार घेऊन जातात. आणि शेवटी तुझा प्रश्न, "सगळीकडे असंच असतं का, की मीच फार चिडते?"

सगळीकडे असंच असतं. तू फार चिडत नाहीस. मला काळजी वेगळीच आहे: सहा महिन्यांनी तू चिडायची थांबशील.

त्या तिसऱ्या पायरीचंच बघ. आत्ता ती तुला टोचतेय. थोड्या दिवसांनी हात आपोआप दुसरीवरून चौथीवर जाईल. मग एखादा नवा मुलगा येईल, तिथेच अडकेल, आणि तू मान वर न करता सांगशील, "ती सोड रे, तिचं काही नसतं." फाइल तशीच राहील. तुला हेच वाक्य ज्याने ऐकवलं तो काही वाईट माणूस नाही. तोही इथेच अडकला होता, त्यानेही शिव्या घातल्या होत्या, आणि मग त्याला सवय झाली.

म्हणून आजच एक साधी फाइल उघड. त्यात तारीख, काय झालं, किती वेळ गेला, एवढंच लिही. नोकरीतल्या पहिल्या वर्षी मी अशी एक वही ठेवली होती. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते: 'मंगळवार. डेटाबेस चालू होईना. एररमध्ये फक्त कनेक्शन रिफ्यूज्ड. पोर्ट दुसऱ्याच प्रोसेसने धरून ठेवला होता. सव्वादोन तास. शेजारच्याला उत्तर तोंडपाठ होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं.' शेवटचं वाक्य वाचलंस ना? माझे सव्वादोन तास पोर्टमुळे, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या त्या क्रमांकाच्या दारामुळे नाही, त्या वाक्यामुळे गेले.

आता तुझ्या यादीतून दोन गोष्टी काढून टाक. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ आली म्हणून तू भाषेला नावं ठेवलीस. भाषेचा काही दोष नाही. दशमानात एक तृतीयांश कधी पुरा लिहून होत नाही, तसाच द्विमानात, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत, एक दशांश होत नाही. अपूर्णांक कसे साठवायचे याच्या, १९८५ साली ठरलेल्या आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकाप्रमाणे बहुतेक सगळ्या भाषा हेच उत्तर देतात. पैशांचे हिशेब सगळ्यात लहान नाण्याच्या पूर्णांकात ठेव आणि विषय संपव. दुसरी तक्रार देवनागरी नाव मध्येच तुटून शेवटी चौकोन दिसतो, ही. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या लिप्यांच्या यादीत, ते चार संकेतांचं बनतं: क, हलन्त, ष आणि वेलांटी. हे संकेत साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्याचे बारा बाइट होतात. कोणी बाइट मोजून नाव कापलं की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. या गोष्टी मुळातच अशा आहेत. एकदा नीट समजून घ्यायच्या, मग राग येत नाही. (टाइमझोनबद्दल मी काही बोलत नाही. तिथे मला अजूनही राग येतो.)

उरलेल्या नऊ मात्र माणसांनी तयार केलेल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात महाग मला ती मनमौजी टेस्ट वाटते. ती फेल झाली की तुमच्याकडे सगळे म्हणतात, "परत रन कर, होईल." होतेही. पण यातून अख्खी टीम रोज एकच गोष्ट शिकते, की टेस्ट फेल झाल्याच्या लाल रंगाला काही अर्थ नसतो.

हे कुठवर जाऊ शकतं ते सांगते. १ ऑगस्ट २०१२ ची, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली गोष्ट. नाइट कॅपिटल या कंपनीला आपला नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. सातांवर पडला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड पडून होता. तो वापरणं २००३ मध्येच बंद केलं होतं, पण काढून कोणी टाकला नव्हता. नव्या कोडने नेमका त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे तो चालू करायची खूण, पुन्हा वापरायला घेतला. साडेनऊला बाजार उघडला आणि ते भूत जागं झालं. पाऊण तासात चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले, आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त खड्डा पडला. ही गोष्ट सांगताना लोक आठव्या सर्व्हरपाशी थांबतात. मी थांबते ती पुढच्या वर्षी नियामकांनी काढलेल्या आदेशातल्या एका तपशिलापाशी. बाजार उघडायच्या आधीच कंपनीच्या सिस्टीमने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते. त्यात 'पॉवर पेग डिसेबल्ड' असा एरर स्पष्ट लिहिलेला होता. पण ते मेल अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, आल्या आल्या सहसा कोणी वाचायचं नाही.

हे वाचून मला हसू आलं नाही, कारण माझ्या मेलबॉक्समध्ये 'नंतर बघू' नावाचा फोल्डर होता. यंत्रांकडून येणारं सगळं मी फिल्टर लावून त्यात ढकलत असे. आमची साइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणारं सर्टिफिकेट संपत आल्याची आठवण तीस दिवस आधी आली, चौदा दिवस आधी आली, सात दिवस आधी आली, आदल्या दिवशीही आली. चारही मेल त्या फोल्डरमध्ये शिस्तीत, न वाचलेले. रविवारी सकाळी साइट उघडणाऱ्या प्रत्येकाला ब्राउझर लाल पाटी दाखवत होता आणि मी गाढ झोपेत. नंतर बैठकीत कोणी विचारलं, "अलर्ट आला नव्हता का?" आला होता, असं सांगताना जे वाटलं ते अजून आठवतं.

तुझी नववी तक्रार तू जरा लाजत लिहिलीस: स्टेजिंग (चाचणीची सिस्टीम) आणि प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती खरी सिस्टीम), दोन्हींचे टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, सारखेच काळे, गोंधळ होतो. लाजू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरने डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट केली, ती नेमकी चुकीच्या सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत तीनशे जीबीतले साडेचार उरले होते. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो कधीपासून होतच नव्हता, आणि तो फेल झाल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. कुणी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेतला होता, त्यावर निभावलं. तेव्हा प्रॉडक्शनच्या टर्मिनलला लालभडक पार्श्वभूमी दे. दोन मिनिटांचं काम आहे, आजच कर, कुणाला विचारायची गरज नाही.

बाकीच्या गोष्टी टीमपुढे मांडताना मात्र स्टँडअपमध्ये वैतागून बोलू नकोस. मी तसं केलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या टिकेटवर गेले. सुरुवात तिसऱ्या पायरीपासून कर. एका ओळीचा पीआर, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, टाक, त्याला कोण नाही म्हणणार? टेस्टचं आधी दोन आठवडे फक्त मोज. 'ही टेस्ट फार त्रास देते' याला उत्तर मिळतं 'हो ना'. 'चौदा वेळा फेल झाली, त्यातल्या तेरा वेळा काहीही न बदलता पास झाली, दर वेळी वीस मिनिटं' असं म्हणालीस की मॅनेजरही वही उघडतो. स्टँडअपची लांबी मात्र बदलेल असं वाटत नाही. मी तीन ठिकाणी प्रयत्न करून पाहिला.

आणि कोडमधल्या विचित्र ओळीची तक्रार लिहिलीस तरी लगेच तिला हात लावू नकोस. मला एकदा एका फंक्शनमध्ये दोन सेकंद नुसतं थांबणारी ओळ सापडली. कारण लिहिलेलं नाही. मी ती उडवली, तासाभरात पलीकडची सेवा आमच्या रिक्वेस्ट धडाधड नाकारायला लागली. त्यांना तेवढी उसंत लागायची. कोणत्या महाभागाने हे कारण न लिहिता ठेवलं म्हणून गिट ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड, चालवलं. चार वर्षांपूर्वीचा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, संदेश एका शब्दाचा, 'फिक्स'. खाली माझं नाव.

कालचा तो मेसेज डिलीट करू नकोस. फाइलच्या पहिल्या पानावर तोच पेस्ट कर, वर तारीख घाल. तो पाठवलास ती वेळ मात्र मी बारावी तक्रार म्हणून माझ्याकडून जोडते आहे. पावणेबाराला लॅपटॉप उघडा का होता, ते पुढच्या पत्रात सांग.

तुझी,
जुनी टीम लीड