झॉम्बी आले तर ठाण्यात पळायचं कुठं?

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी नववीत आहे. गेलं वर्षभर ती नुसती झॉम्बीची पुस्तकं वाचतेय, सगळी इंग्लिश. शहर संपलंय, मेलेली माणसं उठून चावतायत आणि चार पोरं कुठंतरी पळतायत, एवढंच. मी एक वाचायला घेतलं होतं पण जेवण जाईना म्हणून ठेवून दिलं. एवढं काय असतं हो त्यात? आणि डोक्यावर परिणाम वगैरे होत नाही ना?

उत्तर: परिणामाचं आधी सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. रात्री झोप लागत नसेल, अंधारात बाथरूमला जायला घाबरत असेल तर रात्रीचं वाचन बंद करा, बाकी वाचू दे. उलट 2021 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, करोनाच्या सुरुवातीच्या महिन्यांवरचा. त्यात भयपटांची आवड असणाऱ्यांना त्या काळात मानसिक त्रास कमी झालेला दिसला, आणि झॉम्बी वगैरे जगबुडीचे सिनेमे बघणाऱ्यांची तयारीसुद्धा जास्त होती. आता सिनेमांमुळे तयारी झाली का मुळातच तयारीची माणसं असे सिनेमे बघतात हे त्यावरून ठरत नाही, त्यामुळे ते औषध म्हणून घेऊ नका, पण विष नाही एवढं नक्की.

आता त्यात असतं काय. जोनाथन मेबरी यांची 'रॉट अँड रुइन' म्हणून कादंबरी आहे, 2010 ची, तुमच्या लेकीकडे बहुतेक असेलच. त्यातला बेनी पंधरा वर्षांचा, आणि त्याच्या गावाचा नियम असा की पंधराव्या वर्षी काम धरायचं नाहीतर रेशन निम्मं. मग हा पठ्ठ्या कामं शोधत गावभर हिंडतो, कुंपण तपासायचं काम बघतो, जुन्या गालिच्यांचे कोट विकायचं बघतो (गालिचा जाड असतो ना, दात आत जात नाहीत), आणि कुठंच टिकत नाही. यातले झॉम्बी बाजूला काढा आणि बघा काय उरतं ते. दहावीनंतर सायन्स का कॉमर्स, लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंचं "मग पुढं काय ठरवलंस", आणि आपल्याला काहीच जमत नाही की काय ही आतली धाकधूक. हे पोरं रोज ऐकतात आणि त्यावर आपण फक्त लेक्चर देतो, गोष्ट कोणी सांगत नाही.

त्याच पुस्तकात बेनीचा मोठा भाऊ आहे, टॉम. झॉम्बींची शिकार करणारा म्हणून त्याचं नाव आहे, पण बेनीच्या मते तो पळपुटा. मग एकदा भावाबरोबर बाहेर गेल्यावर बेनीला कळतं की टॉमचं काम वेगळंच आहे. गावातली माणसं त्याच्याकडे येतात, आमचा माणूस तिकडं बाहेर फिरतोय, शोधून द्या. टॉम शोधतो, त्याला बांधतो, घरच्यांनी लिहिलेलं पत्र त्याला वाचून दाखवतो आणि मग त्याला कायमचं शांत करतो. त्या झॉम्बीला त्यातलं अक्षर कळत नाही तरी टॉम पूर्ण पत्र वाचतो, मधलं काही गाळत नाही. मला तर ते वाचून पुस्तक पालथं ठेवून गॅलरीत जावं लागलं. मला विचाराल तर खरी जागा हीच आहे. बाकी राक्षस परके असतात, झॉम्बी काल आपल्या ताटात जेवलेला असतो. कॅरी रायन यांच्या 2009 च्या कादंबरीत तर नायिकेची स्वतःची आईच कुंपणापलीकडे जाते. चौदा-पंधराच्या वयात आपली माणसं अचानक अनोळखी वाटायला लागतात, आई कालपर्यंत देव होती ती आज नुसती ओरडत असते (तुम्ही नाही हो, जनरल बोलतेय), बेस्ट फ्रेंड दुसऱ्या ग्रुपमध्ये जाते आणि ओळख दाखवत नाही. हा आता आपला राहिला का, याला दार उघडायचं का, हा प्रश्न त्या वयाचाच आहे, या पुस्तकांत फक्त तो जिवावर बेततो.

आणि या पुस्तकांत बरेचदा मोठी माणसं बरोबर नसतात हे तर आहेच. क्लास नाही, टेस्ट सिरीज नाही. आपण त्यांना ऐरोलीहून ठाण्याला ट्रेननं एकटं सोडायला का कू करतो, आणि तिकडं त्यांच्याच वयाची मुलगी ठरवते की पूल ओलांडायचा का नाही, आणि तिचं चुकलं तर खरंच चुकतं. कोणीतरी त्यांच्या निर्णयाला किंमत देतंय, मग ते पुस्तक का असेना.

अजून एक, ही मुलं 2020 मध्ये प्राथमिकला होती. सोसायटीचं गेट बंद, कामवाल्या मावशींना आत घ्यायचं का नाही यावर व्हॉट्सॲपवर मोठ्यांची भांडणं, अमक्या मजल्यावर पॉझिटिव्ह निघाला म्हणून सगळा मजला सील. आपण विसरलो, ती विसरली नसणार. त्यांना ही पुस्तकं कल्पनारम्य वाटतच नसतील.

जमलं तर एक करा. 2011 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे साथरोग बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, झॉम्बी आले तर काय तयारी ठेवाल अशी गंमतीची मोहीम काढली होती. पाणी, टिकणारं खाणं, औषधं, टॉर्च, महत्त्वाचे कागद, आणि घरच्यांनी भेटायची एक ठरलेली जागा. हे सगळं पुराला आणि भूकंपालाही लागतं म्हणून केलं होतं. जेवताना लेकीला विचारा, आपण घरचे सगळे कुठं भेटणार? पुस्तक मिटून बोलायला लागेल बघा.

प्रश्न: मी कळव्याचा, आत्ताच बारावी झालो. मला ठाण्यात घडणारी झॉम्बी नॉव्हेल लिहायचीय, मराठीत. लोक हसतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: हसणारे हसतील, तू लिही. शेजारी डोंबिवलीत झॉम्बी 2022 मध्येच येऊन गेलेत, आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात, आणि टॉवर आणि शेजारची वस्ती यांच्यातली दरी त्यात बरोबर पकडलीय, त्यामुळे वाट मोकळी आहे.

सुरुवात नियमांपासून कर. तुझा झॉम्बी पळतो का, पोहतो का, ऐकतो का वास घेतो, चावल्यावर किती वेळात बदलतो. हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटव आणि मग गोष्ट अडली म्हणून मोडू नको, वाचक लगेच पकडतात.

दुसरं, नकाशा. तुझ्या दारात पारसिकचा बोगदा आहे, 1916 चा, सव्वा किलोमीटरच्या पुढं लांबी, त्यात मध्येच लाईट गेलेली एक्सप्रेस थांबव, तुला वेगळं काही सुचवायला नको. खाडी आहे. भरतीला पाणी आणि ओहोटीला नुसता चिखल, त्यात तुझे झॉम्बी बुडणार नाहीत, कमरेपर्यंत रुतून उभे राहतील, आणि कळवा पुलावरून ते सगळ्यांना दिसतील. घोडबंदरचे टॉवर बाहेरून किल्ल्यासारखे दिसतात, पण वीज गेली की पंप बंद, पंप बंद की वरच्या टाकीत पाणी चढत नाही, आणि मग बाविसाव्या मजल्यावरचा माणूस बादली घेऊन अंधाऱ्या जिन्यानं खाली येणार का? तुझं पहिलं प्रकरण तिथंच आहे. बंदुका आणू नको रे बाबा, आपल्याकडे कोणाच्या घरात असतात? पहार, कोयता, फारतर सोसायटीच्या गणपती मंडळाचे बांबू.

आणि भाषा तू मला पत्रात लिहिलीस तीच ठेव. झॉम्बी मागं लागल्यावर कोणी 'त्वरा करा' म्हणत नाही.

प्रश्न: मी नौपाड्यातला निवृत्त शिक्षक. आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ, खवीस असं सगळं असताना ही परदेशी मढी कशाला हवीत?

उत्तर: सर, नमस्कार. मढी परदेशी आहेत हे खरं, पण ती मूळची अमेरिकेचीही नाहीत, हैतीची आहेत. तिथं फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबायचे, आणि मेल्यावरसुद्धा सुटका नाही, कोणीतरी उठवून परत राबवेल, ही त्यांची भीती. 1915 ते 1934 अमेरिकन सैन्य हैतीत होतं, त्याच काळात हे झॉम्बी प्रवासवर्णनातून आणि सिनेमातून अमेरिकेत पोचले. माणसं खाणारी झुंड वगैरे 1968 च्या एका सिनेमानंतरचं.

आपल्या भुतांचं कसं असतं, त्याला नाव असतं, इच्छा राहिलेली असते, नैवेद्य दाखवला, पिंपळाखाली दिवा लावला, भगत आणला की काहीतरी तोडगा निघतो. मुंज्याशी बोलता येतं. झॉम्बीशी बोलताच येत नाही, त्याला काही नकोच असतं, फक्त तुम्ही. शिवाय एक अडचण आहे, आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात, मग थडग्यातून उठणार कोण? म्हणून आपल्याकडे चालतो तो साथीचा झॉम्बी, जिवंत माणूस चावल्यावर बदलतो तो. हडळीला त्यामुळे धक्का नाही, पोरं दोन्ही वाचतात. नातवंडांना तुम्ही एक मुंज्याची सांगा, त्यांना एक झॉम्बीची सांगू दे.

प्रश्न: हळू चालणारा झॉम्बी भारी का पळणारा? आमच्या वाशीच्या ग्रुपमध्ये यावरून वाद चालूय.

उत्तर: पडद्यावर पळणारा. पुस्तकात हळू, कारण पळणाऱ्यापुढं माणसं फक्त पळतात. हळू येणारा असला की बोलायला, भांडायला, एकमेकांवर ढकलायला वेळ मिळतो, आणि गेट कोण बंद करणार यावर मीटिंग पण घेता येते.