मूळचे कुठले?

बाय,

तुझा तो लांबलचक मेसेज परवाच वाचला, पण इथे हर्णैला रेंज येते नि जाते, म्हणून आज ओटीवर बसून सावकाश लिहितेय. तुझं म्हणणं असं की लीड्सला वर्गातल्या एका पोराने कुठली म्हणून विचारलं, तू मस्कत म्हणालीस, तर तो म्हणतो "हो पण खरी कुठली?" आणि त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या दिवाळीला एका काकूंनी आधी आडनाव विचारलं, लगेच "मूळचे कुठले?" मग पहिल्याचा राग आला तर दुसऱ्याचा का नको, आणि मराठी माणसं हे विचारतातच का.

काल संध्याकाळी बंदरावर लिलाव बघायला गेले तर एक म्हातारा म्हणाला "कोणाची गो तू?" बाबांचं नाव सांगितलं तर त्याने आजोबांच्या होडीचं नावपण काढलं, वर टोपलीतली दोन पापलेटं हातात ठेवली. कोकणातला निम्मा माणूस मुंबईला, उरलेला आपल्यासारखा कुठेतरी आखातात, त्यामुळे गावाचं नाव सांगितलं की धागा सापडतो. हे झालं चांगलं.

पण खोटं कशाला सांगू, दुसरंपण आहे. आपल्याकडे 'कर' लावून गावावरनं आडनावं, त्यात जात कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे कोणातले?" १९९६ ला पुण्यात नर्सिंगला होते तेव्हा रूममेटच्या आईने हे विचारलं, मी कोळी म्हटलं, त्या हसल्या, चहापण दिला, आणि आठवड्याने पोरीची खोली बदलून घेतली. कारण काय तर माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास. डबा तर मी उघडलापण नव्हता!! आणि तू लीड्सला किचनमध्ये जवळा भाजलास तेव्हा दोघीजणी नाक मुरडून गेल्या, पण ती नायजेरियाची पोर पळत आली ना, आमच्याकडेपण अशीच सुकवलेली कोळंबी कुटून रश्श्यात घालतात म्हणून. तुझा तो फोन मी अजून विसरले नाहीये.

मागे आपण मंडणगडला आंबडव्याला गेलेलो आठवतं? बाबासाहेबांचं मूळ गाव. १९१३ ला बडोद्याची स्कॉलरशिप घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा २२ वर्षांचे होते, म्हणजे तुझ्याहून दोनच वर्षं मोठे. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे डोक्यातनं पार पुसलं गेलं होतं. आणि परत येऊन नोकरीसाठी बडोद्याला उतरले तर स्टेशनवरच प्रश्न, जायचं कुठे? पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तर काही दिवसांत लोक काठ्या घेऊन दारात. तुझं उलटं झालंय बघ. मस्कतच्या शाळेत सगळेच कुठून कुठून आलेले, तुला कोणी वेगळं काढलं नाही, ब्राऊन आहेस हे तुला लीड्सला जाऊन कळलं. आणि त्यात मस्कतला जन्मून पासपोर्ट भारताचा, राहिलीस भारतात फक्त सुट्टीपुरती, मग त्या पोराला एका वाक्यात काय सांगणार?

मला विचारशील तर प्रश्नावर रागावू नकोस, उत्तर ऐकून माणूस काय करतो ते बघ. काकूंना हर्णै सांग. कोणातले विचारलंच तर कोळी सांग, आवाज बारीक न करता, आणि मग जेवायला बोलावतात का बघ. त्या पोराला मस्कतच सांग, दहा वेळा विचारलं तरी.

आजी बाजूला बसून सगळं ऐकतेय. विचारतेय, त्या नायजेरियाच्या पोरीचं गाव कुठलं, समुद्राला लागून आहे का. तिला विचारून कळव, नाहीतर ही मला रोज विचारत बसेल.

आई