बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी वर्ग ठरव

प्रश्न : मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात राहते, बी.ए. झाले आहे. सकाळी पहिली-दुसरीतली कोरकू आदिवासी मुलं, संध्याकाळी दहावीची इंग्रजीची शिकवणी आणि रात्री बचत गटातल्या बायकांचा साक्षरता वर्ग घेते. लहान मुलं बोलतच नाहीत. परवा रात्रीच्या वर्गात एक काकू म्हणाल्या, ‘‘पोरी, हे त लेकरायचं पुस्तक हाय.’’ बी.एड. केलं की सगळ्यांना नीट शिकवता येईल का?

उत्तर : नाही येणार. आणि काकूंचं बरोबर आहे. त्यांना मराठी बोलता येतं, अडतंय ते फक्त अक्षरांपाशी. ‘कमळातला क’ कशाला? त्यांच्या नावापासून सुरुवात कर, मग रेशनकार्ड, बँकेची स्लिप, एसटीची पाटी. अक्षरं मोठी काढ. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसतं आणि ते सांगायला बायका लाजतात. सोयाबीनच्या सोंगणीत कोणी फिरकणार नाही, म्हणून धडा त्याच दिवशी पुरा होईल असा ठेव.

लहान मुलांचं उलटं. मराठी आधी, अक्षरं नंतर. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीहून वेगळ्या घराण्यातली भाषा. तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा होतो, मराठीची तीन लिंगं त्या मुलाला परकीच. ‘तो पाटी’ म्हणाला तर ‘चूक’ म्हणू नकोस, ‘हो, ती पाटी कुठे आहे?’ असं विचारून पुढे जा. चित्र दाखव, आधी कोरकूत बोलू दे. काही मुलं बरेच दिवस नुसती ऐकतात. तीही शिकतच असतात. तुला कोरकू येते का, हे तू लिहिलं नाहीस. येत नसेल तर मुलांकडूनच शीक, मेळघाटात ती फार कामाला येते.

दहावीला परीक्षेचा नमुना सांभाळावाच लागतो. रोज थोडं बोलून घेतलंस तरी पुष्कळ.

आता अभ्यासक्रम. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं : बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पहिला पेपर. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर बी.एड. कर. प्रौढांसाठी ‘उल्लास’ हा सरकारी साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७) आहे, पण तो स्वयंसेवकांवर चालतो. अनुभव मिळेल, पगार नाही.

तुझ्या पत्रात अर्ध्याहून जास्त ओळी कोरकू मुलांवर होत्या (जागेअभावी इथे गाळल्या). म्हणून माझं मत डी.एल.एड.कडे झुकतं. ‘बी.ए. होऊन पुन्हा बारावीवरचा कोर्स?’ असं घरचे म्हणतील, त्यांना न्यायालयाचा निकाल सांग. भरतीला मात्र वेळ लागतो, तोवर दहावीची शिकवणी बंद करू नकोस. कोर्सच्या फीला तेच पैसे होतील.