जुन्या शिडाच्या बोटीतल्या सागवानी कामाला मेलामाईन बरं की पीयू?

दोन्ही पॉलिश नकोत, मेलामाईनही नको आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेनही नको. तेलाचं मरीन व्हार्निश घ्या आणि ब्रशने हात मारा. पण "सँडर (घासायचं मशीन) मारून सगळं एकसारखं करतो, मागची बाजू दिसत नाही म्हणून सोडतो" असं तुम्ही पुढे लिहिलंय, त्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य माझ्या दाजींचं.

आम्ही बेळगावचे, पॉलिशचं काम वडिलांपासून. गोव्यात मांडवीकाठी ओढून ठेवलेल्या एका जुन्या बोटीच्या केबिनचं काम दाजींनी घेतलं आणि मला बरोबर नेलं. बाहेरून फायबर, आत मात्र सगळा साग: कपाटांची दारं, खण, नकाशाचं टेबल. कडेच्या पट्ट्या भरीव, बाकी प्लायवर व्हिनियर, म्हणजे सागाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. दाजींनी ८० नंबरचा, म्हणजे खरखरीत, घासकागद लावून सँडर फिरवला. असलं व्हिनियर एक मिलीमीटरसुद्धा जाड नसतं. टेबलाच्या कोपऱ्यात सागाची रेषा संपली आणि खालच्या प्लायचा फिकट, आडव्या रेषेचा डाग वर आला, रुपयाएवढा. त्यावर कुठलाही स्टेन (लाकडाचा रंग) मारा, तिरक्या उजेडात तो दिसतोच. तिथून पुढे मी मशीन लावू दिली नाही.

हीटगन लांबून धरायची, व्हार्निश मऊ झालं की पात्याने रेषेच्या दिशेने खरवडायचं, शेवटी २२० नंबरचा कागद, तोही हाताने. खिडकीखालचे काळे डाग घासून जात नाहीत. लोखंडी स्क्रूचा गंज आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून ते धरतात. ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून लावा, मग गोड्या पाण्याने नीट धुवा. हातमोजे घालूनच.

दारं आणि खण काढून आम्ही चोर्ला घाटाने बेळगावला आणले, उन्हाळ्याच्या तोंडावर. पावसात हे काम काढूच नका. आणि इथे आमचं खरं वाजलं. मी दारांच्या मागे, कडांना, बिजागरीच्या भोकांतसुद्धा व्हार्निश मारत होतो. दाजी म्हणाले, "अरे, आतून कोण बघतंय? पुढून एक हात जास्त मार की." एक बाजू बंद आणि दुसरी कोरी ठेवली की कोरी बाजू समुद्राची ओल पिऊन फुगते आणि फळी वाकते. दाजींनी स्वतः केलेली खालची दारं पहिल्याच पावसाळ्यात वाकली, कडी लागेना. माझी अजून नीट बसतात. लग्नाकार्यात भेटलो की दाजी अजून म्हणतात, लाकूडच कच्चं होतं. एकाच बोटीतला, इतकी वर्षं मुरलेला साग खालीच तेवढा कच्चा कसा?

म्हणून काम कुणाला देणार असाल तर दराआधी एवढंच विचारा: मागून किती हात मारणार? "मागून कशाला" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

मेलामाईनचा थर कडक असतो आणि बोट लाटांवर पिळते. तडा गेला की तेवढ्यापुरती डागडुजी जमत नाही, अख्खी फळी उघडावी लागते. व्हार्निशवर हलका कागद मारून नवा हात देता येतो. पीयू टिकतं, ते नाकारत नाही. पण दोन डबे मिसळून वापरायच्या पीयूत आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं. बंद केबिनमध्ये साधा कापडी मास्क बांधून कुणाला स्प्रे मारायला उभं करू नका.

साग तेलकट असतो, म्हणून ॲसिटोनने पुसून लगेच पहिला पातळ हात द्या. पुढच्या प्रत्येक हाताआधी ३२० नंबर.

भरीव पट्ट्यांवर सँडर चालेल, माझं म्हणणं व्हिनियरपुरतं आहे. आणि व्हार्निश पुसलेल्या चिंध्या गोळा करून केबिनमध्ये टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेतो. बाहेर पसरून वाळवा, मगच फेका.