गिझर बदलण्याआधी तो एकदा खोलून बघा

ताई, घरात पाच माणसं, पाणी बोअरचं, नवा गिझर 15 लिटरचा घ्यावा की 25चा, आणि जुन्याचं थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवूनही पाणी कोमटच का, असं विचारलंय तुम्ही. ते कोमट पाण्याचं वाचलं आणि लातुरातल्या आमच्या घरचा तो हिवाळा डोळ्यापुढं आला. अगदी हेच झालं होतं.

लिटरचं आधी सांगून टाकते. 25 लिटर पाणी 60 अंशांवर तापलं आणि त्यात 20 अंशांचं गार पाणी मिसळलं, तर अंघोळीजोगं 50 लिटर होतं. म्हणजे अडीच बादल्या. 15च्या टाकीत दीडच. लेकरांच्या शाळेची घाई असेल तर 25चाच घ्या. 2 किलोवॅटची कॉईल ती टाकी 35 मिनिटांत तापवते, पण व्होल्टेज 180 वर आलं की तेवढ्यालाच जवळजवळ तास लागतो.

आता माझी चूक. पाणी कोमट यायला लागलं तसं मी थर्मोस्टॅट वाढवत गेले. खरं तर कॉईलवर खाराचा थर बसला होता. तो थर कॉईलपासून, पाणी किती तापलं ते ओळखणाऱ्या थर्मोस्टॅटच्या नळीपर्यंत पोचला की नळीच आधी तापते आणि टाकीतलं पाणी तापायच्या आत गिझर बंद होतो. आपण अजून वाढवतो, आणि जास्त तापलेल्या कॉईलवर खार अजून भराभर बसतो.

सर्व्हिस सेंटरवाले तीनदा आले. तिन्ही वेळा थर्मोस्टॅट बदललं, तिन्ही वेळा पैसे घेतले, टाकी एकदाही खोलली नाही. मग कटआऊट, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच, सारखा पडायला लागला, तर एकानं तो चक्क डायरेक्ट करून दिला, म्हणजे तो वगळून वायर सरळ जोडली. “आता पडणार नाही,” म्हणाला. दोन दिवसांनी सासूबाईंनी नळ सोडला तर आधी वाफ फुसफुसली आणि मग उकळतं पाणी हातावर आलं. फोड महिनाभर होते. तक्रार केली तर उत्तर काय, तुमचं पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही. मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं? अजूनही संताप होतो.

शेवटी गल्लीतल्या जुन्या इलेक्ट्रिशियननं खालचं झाकण खोललं. कॉईल दिसतच नव्हती, नुसती चुन्याची जाड कांडी. टाकीतून अर्धं घमेलं पांढरे पापुद्रे निघाले.

तेव्हापासून दर दिवाळीआधी टाकी खोलून साफ करून घेते. मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तीही बदलते, टाकीला गंज लागू नये म्हणून असते ती. थर्मोस्टॅट 55 ते 60च्या मध्येच. मी काही इंजिनिअर नाही, तुमचं पाणी वेगळं असू शकतं, पण कटआऊट डायरेक्ट करू देऊ नका, कुणी कितीही सांगो. आणि बाथरूमच्या लाईनला अर्थिंग आहे का बघा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मेन स्विच बंद करून, टाकी रिकामी करूनच खोलायला लावा. कॉईल पांढरी निघाली तर फोटो पाठवा, साफ होईल की बदलावी लागेल ते बघून सांगते.